सुन्नेवा जी ओळ म्हणत नसे

रविवारी चर्चमध्ये सगळे मिळून प्रार्थना म्हणत, तेव्हा सुन्नेवा एका ओळीवर ओठ मिटून घ्यायची. ती ओळ अशी: "आम्ही जशी आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, तशी तू आम्हांला कर." देवानं हा शब्द खरा धरला तर आपलं काय होईल, याची तिला धास्ती वाटे.

अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा हेन्ड्रिक पक्षी धरायला दोरावरून कड्याखाली उतरला होता. वर दोर धरून होता त्याचा चुलतभाऊ डान्याल. दोर सुटला आणि हेन्ड्रिक गेला. "ओला होता, निसटला," एवढंच डान्यालनं गावाला सांगितलं. बातमी घेऊन तो दारात आला तेव्हा त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता, हे फक्त सुन्नेवाला ठाऊक होतं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

मार्चमध्ये पलीकडच्या बेटावरून निरोप आला. तिची लेक बाळंतपणात अडली होती. गावातल्या होड्या मासेमारीला गेलेल्या. किनाऱ्यावर आपल्या होडीपाशी एकटा डान्याल.

"बस वहिनी," तो म्हणाला. "मी नको असलो तर पोहत जा."

ती बसली. मध्यावर प्रवाह फिरला, होडी आडवी होऊ लागली, पाणी आत आलं. सुन्नेवा पाणी उपसत मोठ्यानं प्रार्थना म्हणू लागली, आणि त्याच ओळीशी येऊन थांबली. आता बुडालो तर आपण या ओळीशीच अडकून बुडणार, असं तिला वाटलं.

"थांबलीस का? म्हण की पुढचं," वल्ही मारता मारता डान्याल म्हणाला.

"तू प्यायला होतास ना त्या दिवशी?"

डान्यालनं होडीचं नाक लाटेकडे वळवलं.

"होतो. दोर कोरडा होता, वहिनी. देवापुढंसुद्धा कधी बोललो नाही. भीती वाटते."

तिला त्याची दया आली नाही, रागच आला. पण हाही आपल्यासारखाच घाबरून जगतोय, हे तिला पहिल्यांदा कळलं.

"मी तुला क्षमा करते," ती म्हणाली. "मनातून अजून होत नाही. तरी करते." आणि तिनं ती ओळ म्हटली.

लाटा काही शमल्या नाहीत. तासभर झुंजून ते किनाऱ्याला लागले. लेकीला मुलगी झाली, दोघी वाचल्या. पुढं डान्यालनं गावासमोर कबुली दिली. काहींनी त्याच्याशी बोलणं टाकलं, सुन्नेवानं नाही. पण एखाद्या सकाळी कड्याकडे नजर जायची, जुना राग परत यायचा, आणि चूल पेटवण्याआधी तिला डान्यालला पुन्हा पहिल्यापासून क्षमा करावी लागायची.