लाल आणि हिरवं

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सांगलीतल्या एका कॉम्प्युटर क्लासात मी शाळांसाठी धडे बनवायचे. सर्पदंशाचा धडा एका निवृत्त गुरुजींनी लिहून दिला. मालकांनी फर्मावलं, गैरसमज लाल अक्षरांत, खरं ते हिरव्या.

मी म्हटलं, "नुसता रंग नको. हा गैरसमज, हे खरं, अशी खूण फाईलमध्येच घालू. रंग नंतर कसाही देता येईल."

ते खेकसले, "खुणा कोण बघतंय? रंग दे आन् मोकळी हो!"

मेल्याला रंगाचीच हौस.

धडा पहिल्यांदा दाखवला त्या साताऱ्याच्या शाळेतला कॉम्प्युटरचा पडदा निघाला काळापांढरा. सगळी वाक्यं सारखीच दिसली. मुलांनी एका सुरात वाचलं, "साप चावला की आधी देवळात न्यावं."

आपला धडा बघायला आलेले गुरुजी शेवटच्या बाकावर बसले होते. साप चावलेली त्यांची मुलगी देवळाच्या पायरीवरच दगावली होती.