सूचक: केरबा हवालदार

आमच्या मेढ्याकडच्या गावात केरबाआप्पा म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले, पण शिट्टी जमा न केलेले हवालदार. कोरोनाच्या पहिल्या साली त्यांनी ग्रामपंचायतीत ठराव मांडला: बाहेरून येईल त्यानं चौदा दिवस शाळेमागच्या जुन्या खोलीत राहायचं. मुंबईहून आलेला अंजनाकाकूंचा धैर्यशील तिथंच होता, आणि तेवढ्यात त्याची आजी हरणाबाई वयानं गेली. पोरानं तिरडी खिडकीतून पाहिली. दाराशी आप्पा शिट्टी धरून उभे.

दीड वर्षानं ओमिक्रॉन विमानात बसून देशोदेशी हिंडू लागला, आणि त्याच डिसेंबरात आप्पांची संयोगिता तीन वर्षांनी लंडनहून आली. रजा मोजून दहा दिवस. सरकार म्हणत होतं, सात दिवस घरातच वेगळं राहा. सरपंच नानासोही म्हणाले, "आप्पा, घरातच ठिवा की पोरीला. माडी रिकामी हाय."

"धैर्यशीलच्या घराला माडी न्हवती व्हय?"

दिवस सरकारचे सात, पण खोली तीच: संयोगिता शाळेमागं राहायला गेली. आप्पा वीस फुटांवर खुर्ची टाकून बसायचे. लंडनहून पोरगी फोनवर लख्ख दिसायची. शाळेमागं रेंजच नाही. मग बापलेक तीन वर्षांच्या गप्पा कवायतीच्या आवाजात मारत. तिच्या लग्नाचा विषय तर वरच्या आळीपर्यंत पोचला.

दुसऱ्या दिवशी अंजनाकाकू भाकरी आणि घेवड्याची आमटी घेऊन खिडकीशी आल्या. आप्पा उठले. "अंजना, तू कशापायी?"

"आमच्या पोराला त्या खिडकीत कुनी इचारलं न्हाई, आप्पा. ते कसं असतंय, ठावं हाय मला."

आप्पा खाली बसले. त्यानंतर शिट्टी आम्ही कधी ऐकली नाही.

आठव्या दिवशी तपासणीत काहीच निघालं नाही. उरले दोन दिवस, त्यातला एक बॅग भरण्यात गेला. पोरगी गेली ती अजून आलेली नाही. रागावलेली नाही, रजा मिळत नाही, असं आप्पा कुणी न विचारता सांगतात.

परवा ग्रामसभेत ते उठले. "त्यो ठराव खोडा."

"आवं आप्पा, कवाच बाद झालाय त्यो," नानासो म्हणाले.

"मग सूचक म्हनून माझं नाव हाय, तेवढं तरी खोडा."

वही निघाली. लिहिलेलं नाव खोडता येत नाही, असं ग्रामसेवकानं समजावलं. आप्पा पान धरून उभेच. मागून अंजनाकाकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, आप्पा. बसा."

आप्पा बसले. वही मात्र मांडीवर घेऊन.