धकाते बाईंची एकच कादंबरी

सुलोचना धकाते कुठलीही रहस्यकथा हातात घेतली की आधी शेवटचं पान वाचायची. खुनी कोण ते कळलं की पुस्तक बाजूला ठेवायची, डबा खायची आणि मग निवांत पहिल्या पानापासून सुरुवात करायची. मी रहस्यकथा लिहिणारी बाई. शाळेच्या शिक्षकखोलीत माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच पुस्तकाशी हा प्रकार चालायचा. "अगं, मग वाचण्यात मजा काय राहिली?" म्हणून मी कळवळायचे. ती म्हणायची, "कोनं मारलं हे काय पाहाचं वं? लोकाईनं कोनाले धरलं, ते पाहाचं."

सीताबर्डीतल्या मुलींच्या एका शाळेत आम्ही दोघी होतो. मी मराठी शिकवायचे, ती भूगोल. सत्तर-एकाहत्तर साल असेल. तेव्हा माझी पुस्तकं बसस्थानकावरच्या दुकानात टांगलेली असायची, दिवाळी अंकांतून नाव यायचं, आणि शाळेत कोणी पाहुणा आला की "या आमच्या लेखिका" अशी ओळख करून दिली जायची. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू? सुलोचना उमरेडच्या कोष्ट्यांच्या घरातली, वडिलांचे हातमाग होते. वर्गात नकाशा टांगतानासुद्धा ती लुगड्यासारखा झटकायची आणि त्याचा काठ सरळ आहे ना ते पाहायची. शिकवताना अगदी पुस्तकी बोलायची. खडू खाली ठेवला की उमरेड परत यायचं.

माझी एक नवीन कादंबरी वाचून झाल्यावर ती भाजीत पोळी बुडवत म्हणाली, "मालती, एक सांगू का? राग नको येऊ देऊ. तुले खुनी सापडला नाही का तू पागलाले धरते." मी हसण्यावारी नेलं. घरी जाऊन सगळी पुस्तकं काढून बसले. एकात खुनी शेवटी भ्रमिष्ट होऊन हसत सुटला होता. दुसऱ्यात माडीवर कोंडलेला वेडा भाऊ निघाला होता. तिसरं मी उघडलंच नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

एकदा ती आठवडाभर शाळेत आली नाही म्हणून मी चौकशीला गेले. महाल भागातल्या एका गल्लीत, माडीवरच्या दोन खोल्यांत ती थोरल्या बहिणीबरोबर राहायची. बहीण आजारी असते, एवढंच आम्हांला ठाऊक होतं. दार उघडलं ते एका उंच, बारीक केस कापलेल्या बाईनं. "सुलोचना आहे का?" मी विचारलं. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाली, "थांब. सुलीले मारते."

मी दोन पायऱ्या खाली उतरले. आतून "सुले! ए सुले!" असं ऐकू आलं, आणि तापानं उतरलेल्या चेहऱ्याची सुलोचना पदराला हात पुसत बाहेर आली. माझा अवतार पाहून ती आजारपणातही खो खो हसली. "भेली का वं? हाक मारते म्हनून राहिली ते. शांताताईच्या तोंडातून 'हाक' निंघतच नाही, लहानपनापासून. आमच्या घरी 'बाबाले मार' म्हटलं का बाबाले बोलवाचं."

चहा पिता पिता तिनं सगळं सांगितलं. लग्नाच्या वयात शांताताईचं डोकं बिघडलं. उमरेडला लोक म्हणाले, बाहेरचं लागलं. मिरच्यांचा धूर झाला, मागाच्या खांबाला बांधून झालं. शेवटी भावांनी ठरवलं की वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवायची आणि परत आणायला जायचं नाही. तेव्हा सुलोचना तिला आपल्याकडे घेऊन आली. इस्पितळातून औषध आणायची, वेळेवर द्यायची, आणि शांताताई घरात बसून तांदूळ निवडायची. घरमालकीण वहिनींना सांगितलं होतं, बहीण अशक्त आहे. "पागल म्हटलं का कोनी खोली देत नाही. याच्या आंधी दोन जाग्याईवरून निंघालो आमी," ती म्हणाली. "हे छप्पर गेलं तर ताईले उमरेडले धाडा लागन, अन् भाऊ तिले कुठं धाडन ते मले माहीत हाये. तू कोनाले बोलू नको बाप्पा." मी कोणाला बोलले नाही.

पुढं दोनेक वर्षांनी तिनं माझ्यासमोर कागदांची एक चळत ठेवली. "वाचून पाह्य. तुह्यावानी जमलं नसंन." भूगोलाच्या बाईनं रहस्यकादंबरी लिहिली म्हणून मी मोठ्या कौतुकानं उचलली. ते कौतुक पहिल्या प्रकरणातच संपलं.

इंग्रजांच्या काळातलं कोष्ट्यांचं एक गाव. तलावाच्या काठी एका बड्या घरच्या जावयाचं प्रेत सापडतं, आणि प्रेताशेजारी बसलेली असते गावातली वेडी गोपिका. ती एकच सांगत असते, "मी याले मारू मारू थकली, हा उठेच ना." फौजदार तेवढं लिहून घेतो. गाव मान डोलावतं. गोपिकेला जन्मभरासाठी वेड्यांच्या इस्पितळात टाकतात आणि खरा खुनी त्याच गावात म्हातारा होतो. ती त्या माणसाला हाका मारत होती, हे तिच्या घरातल्या प्रत्येकाला कळलेलं असतं. आई, बाप, भाऊ, सगळ्यांना. पण वेडी मुलगी घरात असली की धाकटीचं लग्न जमत नाही, म्हणून कोणी तोंड उघडत नाही. फौजदाराला फक्त एक शब्द सांगायचा होता, आणि तो कोणी सांगत नाही.

मी वाचून उठले तेव्हा माझ्या अंगाची आग होत होती. तसलंच वाक्य मीही ऐकलं होतं! शांताताईच्या दारात, माझ्या या कानांनी. मी घाबरून दोन पायऱ्या उतरले आणि चहा पिऊन घरी आले. तिनं त्यातून कादंबरी काढली. इतक्या वर्षांत इतके खून केले मी, तलवारीनं, विषानं, गच्चीवरून ढकलून. पण एका गाळलेल्या शब्दानं अख्खं माणूस मारता येतं हे मला सुचलं नव्हतं. "बरी झाली आहे," मी म्हणाले. ती म्हणाली, "तुह्या तोंडून बरी म्हनजे लयच झालं."

पुस्तक निघालं आणि गाजलं. शिक्षकखोलीत माझ्याबद्दल 'आमच्या लेखिका' म्हणणं बंद झालं नाही, पण आता 'आमच्या दोन लेखिकांपैकी एक' म्हणू लागले. सीताबर्डीच्या वाचनालयानं तिचा सत्कार ठेवला. घरमालकीण वहिनी नवं रेशमी पातळ नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि दिसेल त्याला "आमच्याच माडीवर बसून लिवली" असं सांगत होत्या. शांताताईला घरी एकटं ठेवता येईना, म्हणून ती शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी होती. मी चिवडा खात जळत होते.

भाषणं झाल्यावर एक प्राध्यापक उठले. "बाई, पुस्तक छान आहे, पण घरची माणसं पटत नाहीत. पोटच्या पोरीचं बोलणं समजून-उमजून कोण गप्प बसेल? ही कल्पना जरा अतीच वाटते."

मी तिच्या जागी असते तर गोड हसून म्हणाले असते, "कल्पनाच आहे." विषय मिटला असता, आणि छप्परही राहिलं असतं. तिनं पहिल्या रांगेतल्या वहिनींकडे पाहिलं. मग मागं आमच्याकडे पाहिलं. ती उठली आणि शाळेतली भाषा सोडून बोलली.

"कल्पना नाही जी. ते मांगं बसली हाये ना, ते माही मोठी बहीण. आमच्या घरी खून नाही झाला. बाकी सारं झालं. अन् गप्प बसनाऱ्याईत मी बी होती."

सगळ्या माना मागं वळल्या. एवढी माणसं आपल्याकडे पाहताहेत असं दिसल्यावर शांताताईनं उभं राहून सगळ्यांना नमस्कार केला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, आणि तेव्हा मला सुलोचनाचा जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात कुणाचा वाटला नाही. लिहिणं एक वेळ शिकता येईल, हे कुठून आणायचं?

आठवड्याच्या आत वहिनींनी खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. "पुस्तक चांगलंच हाये वं बाई. पन घरात लेकरं हायेत," त्या म्हणाल्या.

सदर भागात आमच्या घरामागं दोन खोल्या पडून होत्या. मी टांगा घेऊन गेले आणि दोघींना सामानासकट घेऊन आले. सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. लोक मला थोर म्हणाले. थोर वगैरे काही नाही. ज्याच्यावर जळायचं ते माणूस डोळ्यांसमोर असलेलं मला बरं वाटतं. सुलोचनानं दुसरी कादंबरी लिहिली नाही. प्रकाशक मागं लागले तर म्हणायची, "सांगाचं होतं ते सांगून झालं." मी वर्षाला दोन लिहीत होते, आणि माझं सांगून होत नव्हतं.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात मूत्रपिंडाच्या दुखण्यानं ती गेली. भाऊ उमरेडहून आले, विधी केले, आणि शांताताईबद्दल एक अक्षर न काढता परतीच्या बसमध्ये जाऊन बसले. शांताताई आमच्याकडेच राहिली. संध्याकाळी तिला कुणीतरी वाचून दाखवावं लागतं. सुलोचना दाखवायची, आता मी दाखवते.

मध्यंतरी माझी नवी कादंबरी आली. तिच्यात एकही वेडा नाही. मला स्वतःला ती फार चांगली वाटते. मी हौसेनं शांताताईसमोर वाचायला बसले. दोन पानं तिनं ऐकून घेतली, मग पुस्तकावर हात ठेवला.

"हे नको. सुलीचं वाच."

"अहो शांताताई, हेही चांगलं आहे. ऐका तर."

"असंन," ती म्हणाली. "सुलीचं वाच."

मेलेल्या माणसाचा एवढा हेवा करू नये. मी माझं पुस्तक मिटलं आणि सुलीचं वाचायला घेतलं.