वाटीखालचा चिवडा

बाळांनो, थोरलीला अजून मराठी वाचता येतं आणि धाकट्याला ऐकून कळतं, म्हणून हे आत्ताच लिहिते. परवा फोनवर थोरलीने विचारलं, "आज्जी, आपण चिंचवडला होतो तेव्हा आई दिवसभर काय करायची?"

तुमची आई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसायची. डीएनएवर काही ठिकाणी प्रथिनं बसलेली असतात. एन्झाइम टाकलं की ते उघडा डीएनए कापतं, प्रथिनाखालचा शाबूत राहतो. तिला अशा काही न कापलेल्या जागा सापडल्या होत्या, त्यातली एक फार महत्त्वाची. आता तुम्ही राहता तिकडच्या साहेबांनी विचारलं, तिथे खरंच प्रथिन आहे, की एन्झाइमलाच तिथली डीएनएची अक्षरं आवडत नाहीत म्हणून ते कापत नाही? यावर तिची तिकडची नोकरी अडली होती. ती जागा खोटी ठरली असती, तर तुम्ही इथेच राहणार होतात. चाकणच्या एका औषध कंपनीत तिने विचारूनही ठेवलं होतं.

मला ते एन्झाइम काही कळेना. मग तिने ताटात चिवडा पसरला, मधे वाटी पालथी घातली आणि तुम्हा दोघांना सोडलं. तुम्ही शेंगदाण्यांवर तुटून पडलात. वाटीखालचा चिवडा राहिला, पण कढीपत्ताही राहिला.

"आता वाटी उचलली, तर कसं ओळखशील आई, कुठे वाटी होती नि कुठे नुसता कढीपत्ता?"

"बिनवाटीचं ताट दे. त्यातही सोडतील ती त्यांची नाटकं."

"तेच तर करतेय! तिकडच्या लॅबमध्ये प्रथिनं काढलेला डीएनए त्याच एन्झाइमने कापलाय. त्याच्या आवडीनिवडी कळल्या की वजा करायच्या."

"म्हणजे नातवंडांना दोन ताटं," आजोबा म्हणाले. "आणि मला डॉक्टरांचा पथ्याचा कागद."

त्या दिवसांत देवापुढे काय मागावं ते मला उमजत नव्हतं.

एका दुपारी ती ओरडलीच, "आई, बाकीच्या बऱ्याच जागा गेल्या, पण ती राहिली! खरी आहे ती!" मी तिला जवळ घेतलं. मग स्टूल आणून माळ्यावरच्या बॅगा खाली काढल्या.

यंदाही सवयीने तेवढाच चिवडा केला. आम्ही दोघं वाटीने घेतो, वर येईल तसा. डबा अजून अर्धा भरलेला आहे. शेंगदाणे तळापर्यंत आहेत.