‘बंद’ हा शब्द सगळ्यात खाली

तिच्या घरी इन्व्हर्टर होता. इथूनच सुरुवात करतो, कारण त्या दिवसांत तिच्याबद्दलचा माझा प्रत्येक विचार इथूनच सुरू व्हायचा. डहाणूला चिकूची वाडी, वाडीत घर, स्वतःचा लॅपटॉप. मी तलासरीत संघटनेच्या कार्यालयात, सगळ्यांच्या संगणकावर, लाइट असेल तेव्हा. कॉलेजात दोघं एकाच वर्गात. संघटनेत मात्र मी आधी आलो, ती नंतर. हे मी कुणालाही विसरू देत नसे.

पाड्यांवरच्या बाया पायपीट करून रेशन दुकानावर जायच्या आणि शटर बंद असायचं. तोवर फुकट डेटाचं सिम गावोगाव पोचलं होतं. म्हणून ठरलं: गावातला कार्यकर्ता सकाळी दुकान बघून मेसेज टाकेल, आणि फोनवर गावाचं नाव दाबलं की उत्तर येईल. फोनवरचं ॲप तिनं आधीच केलं होतं. ॲपनं विचारलं की मागून उत्तर पुरवणारा प्रोग्राम, म्हणजे एपीआय, व्हायचा होता.

"मीच करते," ती म्हणाली.

"आणि आम्ही काय, जन्मभर पत्रकंच वाटायची?"

संघटनेतले सगळ्यात जुने काका म्हणाले, "भांडू नका. दोघंही करा. बैठकीत बायाच ठरवतील कुणाचं ठेवायचं."

मी पायथन या संगणकभाषेतला प्रोग्रामचा एक तयार सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क, उतरवून घेतला. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला आणि माझंच वाक्य समोर उभं राहिलं. प्रेस नको, शाई नको, छापखान्याच्या मालकाची मनधरणी नको! मग मी लिहीतच सुटलो. नुसतं ‘बंद’ पाठवायचं? का बंद, कुणामुळे बंद, हे कोण सांगणार? पत्रकाची रीत मला पाठ होती. आधी अन्याय, मग आवाहन, शेवटी मुद्दा.

बैठकीत एका मावशींनी माझ्या एपीआयला जोडलेलं ॲप उघडून गाव दाबलं. ‘गरिबाच्या ताटातला घास हिरावणाऱ्या मुजोर व्यवस्थेला...’ त्या बोटानं मजकूर वर सारत राहिल्या.

"भाऊ, हे भाषण संपतं कुठं? दुकान उघडं का बंद?"

"खाली आहे, मावशी. शेवटी."

"शेवटी? तवर मी चालत जाऊन बघून येन की!"

सगळी बैठक हसली. मग तिचा एपीआय जोडला. मोठ्या अक्षरात एकच शब्द: बंद. मावशींनी फोन खाली ठेवला. "झालं. आज नाय जायचं."

फक्त ॲपवाली ती हसली नव्हती. हसली असती तर निदान भांडता आलं असतं.

वर काकांनी मलाच सांगितलं, ॲपची माहिती देणारं पत्रक तू लिही. तिच्या कामाचं पत्रक, मी! डोकं फिरलं होतं, लांबवायची इच्छाच नव्हती. लिहिलं: ‘दुकान उघडं का बंद? आधी फोनवर बघा, मग घर सोडा.’

तिनं वाचलं. "अरे, हे भारी आहे. मला नसतं जमलं."

"आमच्याकडे इन्व्हर्टर नाही ना," मी म्हटलं. "लाइट जायच्या आत उरकावं लागतं."

पत्रक पाड्यापाड्यावर लागलं, पार गुजरातच्या सीमेवरच्या झाई गावापर्यंत. खाली कुणाचं नाव नाही; आमच्यात तशी पद्धत नाही. तरी मी कुठल्याही पाड्यावर गेलो की बाया माझ्या मागे बघायच्या. "ती ॲपवाली ताई नाय आली?"

"नाही," मी म्हणायचो. "पत्रकवाला आलाय."