श्रावणातली कुत्रीची मासोळी

आमची कुत्री व्याली, पाच पिल्लं लुचायला लागली आणि तिच्या बरगड्या दिसू लागल्या. गुरांचे डॉक्टर म्हणाले, मासोळी खाऊ घाला. बरं झालं, श्रावण होता. त्या महिन्यात अख्खं गाव देवाला भिऊन असतं, म्हणून तलावाची बारीक मासोळी मातीमोल मिळते. मासोळीवाली म्हणाली, "काकू, श्रावणात?" म्हटलं, "माह्यासाठी नाही वं, कुत्रीसाठी. तिले कुठं उपास हाय?"

मग रोज अंगणातल्या चुलीवर मी ती मासोळी बिनमिठाची, काटे मऊ होईपर्यंत शिजवायची आणि भातात कालवायची. तरी कुत्री काही अंगानं भरेना. आमचे हे श्रावण कडक पाळणारे, कांदासुद्धा न खाणारे. त्यांचा चेहरा मात्र टवटवीत होत चालला.

एका दुपारी जेवताना ते सहज बोलून गेले, "तू त्या मासोळीत मीठ काहून नाही टाकत?"

मी म्हटलं, "तुमाले कसं मालूम?"

त्यांनी मान खाली घालून वरणभात कालवायला घेतला.

तेव्हापासून मासोळीचा गंज चुलीवरून उतरवला की कुत्रीचं खाणं होईपर्यंत मी तिथंच पाट टाकून बसते. यांच्या श्रावणाचं देव पाहून घेईल. पण लेकुरवाळीच्या तोंडचा घास मी नवऱ्यालाही चोरू देणार नाही.