वयाची अट

आमच्या मुलीची उंची सातवीतच माझ्या पुढे गेली, आणि अमेरिकेतल्या आमच्या गावच्या, चँडलरच्या, मराठी घरांमध्ये तिच्या लग्नाची काळजी तेव्हापासून सुरू झाली. "हिच्या मापाचा मुलगा आणायचा कुठून?" हे मी इतक्या काकूंकडून ऐकलं की पुढे पुढे हसणंही सोडून दिलं. पोरगी मात्र बास्केटबॉल खेळत राहिली. शाळा संपताना एका कॉलेजनं तिला टीममध्ये घेतलं, तेव्हा काकूंचाही सूर बदलला.

त्या जूनमध्ये एका रविवारी आमच्याकडे डब्यातल्या आमरसाचं जेवण होतं. बाहेर अंगाची लाही होत होती, त्यामुळे हात धुतल्यावरही कुणी उठेना. बास्केटबॉलच्या व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू कसे निवडले ते टीव्हीवर पुन्हा दाखवत होते, आणि त्यावरून वाद पेटला. मुलगा एकोणीस वर्षांचा झाल्याशिवाय त्याला तिथे घेत नाहीत, हे योग्य का?

माझा नागपूरचा मित्र तावातावानं म्हणाला, "अरे यार, अठराव्या वर्षी बंदूक हातात देतात, मग बॉल का नाही? ज्याला येतं त्याला खेळू द्या ना!"

आमच्यात एक रिटायर झालेले डॉक्टर काका आहेत, त्यांच्या शब्दापुढे सहसा कुणी जात नाही. ते म्हणाले, "गुडघा गेला की कुत्रं विचारत नाही. आधी शिक्षण पदरात पडू दे."

मी काकांच्या बाजूचा. आमच्या घराण्यात मूल गाणं म्हणो की क्रिकेट खेळो, आधी हातात डिग्री, मग तुझं काय ते. हा नियम कुठल्या तरी पुणेरी बापाला विचारूनच केला असणार, असं मी म्हणालो आणि सगळे हसले.

मुलगी सोफ्याच्या हातावर वाटी घेऊन बसली होती. "बाबा, ते बॉईजचं आहे. आम्हाला ट्वेंटी-टू. नाहीतर डिग्री."

"मग चांगलंच की!" तिची आई म्हणाली.

"चांगलं कुणासाठी? ते तीन वर्षं आधी खेळणार, अर्न करणार, आणि आम्ही वेट करायचं. दॅट्स नॉट फेअर, काका."

"अगं, तीन वर्षं कुठे पळून जातात?" काका म्हणाले.

"ती नाही जात, काका. मी जाते. ट्वेंटी-वनला मी बाबांच्या व्हिसावरून एज आउट होते."

कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. एकवीस पूर्ण झाली की मूल बापाच्या व्हिसावर इथे राहू शकत नाही, हे तिथल्या निम्म्या घरांना ठाऊक होतं, पण मुलांसमोर आम्ही ते बोलत नसू. ग्रीन कार्डाच्या रांगेत आमचा नंबर तिच्या एकविसाव्या वाढदिवसाआधी लागणार नाही, हे मला केव्हाच कळून चुकलं होतं. तिला ते इतकं नीट माहीत आहे, हे मात्र मला त्या दिवशी कळलं. फार वाईट वाटलं. काकांनी विषय हवेवर आणला.

ती वीस वर्षांची झाली तेव्हा आम्ही तिघं वकिलाशी व्हिडिओवर बोललो. वकील भला माणूस होता. तिनं स्वतःचा विद्यार्थी व्हिसा घ्यावा, कॉलेज आणि खेळ दोन्ही चालू राहतील, पुढे एखाद्या संघानं घेतलंच तर त्याचं तेव्हा बघता येईल, असं तो म्हणाला. मात्र शिक्षण संपलं की आपण मायदेशी आपल्या घरी परत जाणार, हे तिनं पटवून द्यायला हवं. मुलगी मान हलवत ऐकत होती.

कॉल संपल्यावर तिनं मला विचारलं, "बाबा, माझं घर म्हणून कुठलं सांगू?"

ती दोन वर्षांची असताना आम्ही तिला इथे आणलं. मी पुण्यातल्या फ्लॅटचा पत्ता सांगू लागलो आणि अर्ध्यावर थांबलो. हे घर घ्यायला आम्ही तो कधीच विकून टाकला होता.